चिलट नवीन आहे हे सिद्ध कसं करायचं? इवल्या माशीच्या नव्या जातीचं वर्णन, उंबराखालून छापखान्यापर्यंत

सहा वर्षांपूर्वी भादव्यात आमच्या गावच्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर, उंबराखाली कुजलेल्या फळांवर मला एक चिलट दिसलं. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. नराच्या कपाळावर एका ठरावीक कोनातून उजेड पडला की चांदीचा वर्ख लावल्यासारखं ते चमकायचं. गोंदिया जिल्ह्याच्या या कोपऱ्यात चिलटं गोळा करायला आजवर कोण आलं असेल, असं मनाशी धरून मी कामाला लागलो. चार महिने मोजमापं घेतली, चित्रं काढली, मनात नावसुद्धा ठरवलं. मग जुने लेख वाचता वाचता तीच माशी समोर आली. ड्रोसोफिला नासूटा. लँब नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१४ साली हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलेलं होतं. भारतभर ती सर्रास सापडते.

ते चार महिने वाया गेले असं मी मानत नाही, पण कामाचा क्रम उलटा झाला होता. नव्या जातीचं वर्णन म्हणजे आधी ही माशी जुन्यांपैकी कोणतीच नाही हे दाखवणं आणि मग ती कशी आहे ते सांगणं. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणारे, एमएस्सी करणारे, किंवा शेतात राहून बारकाईने बघणारे जे कोणी हे काम करू पाहतात, त्यांच्यासाठी योग्य क्रम इथे मांडतो. उदाहरणं ड्रोसोफिलिडी कुलातली, म्हणजे केळ्या-संत्र्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांची आहेत. या कुलात आजवर चार हजारांहून जास्त जातींना नावं मिळाली आहेत. शब्दांचा घोळ नको म्हणून सांगतो: मराठीत 'जाती' म्हणजे सर्वात खालचा गट आणि 'प्रजाती' म्हणजे त्याच्या वरचा. ड्रोसोफिला ही प्रजाती, नासूटा ही जाती.

परवानगी आधी

स्वतःच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या शेतात, वाडीत गोळा करायचं तर मालकाची संमती पुरते. राखीव जंगल, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प यांत मात्र वनविभागाची लेखी परवानगी लागते. मेळघाट असो, ताडोबा असो की नवेगाव-नागझिरा, माशी कितीही लहान असली तरी नियम तोच. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला काय करतोय ते सांगून ठेवा. जैविक विविधता कायदा, २००२ यात स्पष्ट तरतूद आहे की नवी जात सापडली तर ठरवून दिलेल्या राष्ट्रीय संग्रहालयाला कळवायचं आणि नमुने तिथे जमा करायचे. प्राण्यांसाठी ते काम कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण खातं करतं. नमुना परदेशी पाठवायचा विचार असेल तर पार्सल बांधण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचा. परवानगीचे कागद पुढे लेख छापताना विचारले जातात, आणि तेव्हा मागच्या तारखेने ते मिळत नाहीत.

कुठे, कधी, कशाने

विदर्भात मे महिन्यात या कामाला हात घालू नका. पारा पंचेचाळीसकडे गेला की चिलटं ओढ्याकाठच्या गारव्यात दडतात. जुलै ते नोव्हेंबर हा खरा हंगाम, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो ते दिवस. वेळ पहाटेची किंवा दिवे लागणीची. भर दुपारी ती फारशी हालत नाहीत.

आमिष सोपं आहे. पिकलेलं केळं कुस्करायचं, चिमूटभर यीस्ट घालून एक दिवस आंबू द्यायचं, प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बाजूला बोटभर भोकं पाडून आत ठेवायचं आणि सावलीत, कमरेच्या उंचीवर टांगायचं. वरूड-मोर्शी-काटोलकडच्यांनी संत्र्याच्या बागेतला गळ पाहावा, आमच्याकडच्यांनी मोह आणि उंबर. उंबराजवळ एक काळजी घ्या. फळांतून बाहेर पडणारे बारके काळपट कीटक बहुधा उंबराच्या गांधीलमाश्या असतात. त्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीला एकच जोडी, आणि दुसऱ्या जोडीच्या जागी दोन बारीक गाठीदार दांड्या, ज्यांना संतोलक म्हणतात. फळमाशी म्हणून बागायतदार जिला ओळखतात ती तर वेगळ्याच कुलातली आणि पुष्कळ मोठी.

माझं ठाम मत असं, की केळ्यावर येणाऱ्या बहुतेक चिलटांना आधीच नाव मिळालेलं असतं. ती माणसामागे जगभर फिरतात. नवं काही मिळायचं असेल तर ज्यांना केळं आवडत नाही त्यांच्या मागे जा. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या (अळंबी), सालीतून पाझरणारा डिंक, ओढ्याकाठचा कुजका पाला, एखादंच रानफूल, अशा जागा. तिथे आमिष चालत नाही. जाळी फिरवायची आणि चूषक नळीने एकेक माशी उचलायची. चूषक नळी म्हणजे काचेची कुपी, तिला दोन नळ्या, आणि तोंडात धरायच्या नळीच्या आतल्या टोकाला मलमलचा तुकडा. तो तुकडा नीट बांधा, नाहीतर माशी थेट घशात जाते.

प्रत्येक वेळी कशावर मिळाली हे लिहून ठेवा. याचं महत्त्व मला सेशेल्सच्याच दुसऱ्या एका माशीने पटवलं. ड्रोसोफिला सेशेलिया नोनीच्या फळावर वाढते. त्या फळातली आम्लं बाकीच्या जवळच्या जातींना विषारी आहेत, हिला मात्र ती खेचून घेतात. आपल्या धुऱ्यावरची बारतोंडी ही त्याच नोनीची नातलग. बारतोंडीची गळलेली फळं पाहताना मी आता नुसता पुढे जात नाही.

एकदा मोहाखाली नळी तोंडात धरून वाकलो होतो. फुलं वेचायला आलेल्या आजींनी विचारलं, "सर, हे चिलटं कायले पकडून राह्यले?" मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग त्या डोहाच्या मोहाखाली जा ना, तिथले लाल डोयाचे नाहीत, काये हायेत." काळ्या डोळ्यांची ती माशी वेगळ्या कुलातली निघाली, पण नजर पाहा. गावात आधी विचारा, मग जाळी काढा.

काही माश्या जिवंत ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढे अडतात. या कुलात जातींमधला फरक नरात उठून दिसतो, माद्या बऱ्याचदा एकसारख्या असतात. मग कोणती मादी कोणत्या नराची, हे कसं सांगणार? उपाय असा की जंगलातून आणलेली एकेक मादी वेगळ्या बाटलीत ठेवायची. ती बहुधा फळलेलीच असते. तिची मुलं-मुली एकाच आईची, त्यामुळे नर-मादीची जोडी आपोआप ठरते.

खाद्य आपल्याकडच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वापरतात तेच: एक लिटर पाणी, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा, १० ग्रॅम आगार, आणि बुरशी धरू नये म्हणून साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल. गूळ-रवा-आगार शिजवून घ्या, थोडं निवल्यावर आम्ल घाला, बाटल्यांत ओता आणि वर यीस्टचे दोन-चार दाणे. पंचवीस अंशांच्या आसपास नवी पिढी साधारण दहा-बारा दिवसांत बाहेर येते. तीसच्या वर गेलं की नर नापीक होऊ लागतात. आमच्याकडे वातानुकूलित खोली नाही. बाटल्या रिकाम्या रांजणात ठेवतो, रांजणाला ओलं तरट गुंडाळतो आणि तो वाळूत पुरतो. एप्रिलपर्यंत निभतं. सात्यांवरच्या किंवा फुलांवरच्या माश्या या खाद्यावर वाढतीलच असं नाही. त्यांना ज्यावर मिळाल्या तेच थोडं बाटलीत द्या.

जिवंत माशी असण्याचा आणखी एक उपयोग. नासूटा आणि अल्बोमिकान्स या दोन जाती बाहेरून इतक्या सारख्या की भले भले चुकतात. पण नासूटाच्या पेशीत ८ गुणसूत्रं, अल्बोमिकान्समध्ये ६. ही मोजणी अळीच्या मेंदूतल्या पेशींतून करतात, म्हणजे जिवंत अळी हाताशी हवी.

मारणं, जपणं, चिठ्ठी

थोडे नमुने सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, थोडे पंचाण्णव टक्क्यांच्या वर असलेल्या अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये, आणि थोडे कोरडे, टाचणीवर. पहिले रचना पाहायला, दुसरे डीएनएसाठी, तिसरे रंगासाठी. अल्कोहोलमध्ये रंग उडतो, हे विसरू नका. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. तिथल्या मंडळींनी अल्कोहोल कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या नावावर रीतसर मागवावं आणि त्याची नोंदवही चोख ठेवावी. इतक्या लहान माशीला थेट टाचणी टोचत नाहीत. जाड कागदाचा छोटा त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला डिंकाचा ठिपका, त्यावर माशी उजव्या कुशीवर चिकटवायची, आणि टाचणी कागदातून.

आता चिठ्ठी. चिठ्ठी नसलेली माशी म्हणजे कचरा, इतकं स्पष्ट लिहितो. देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, जागेची खूण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कशावर किंवा कशाने पकडली, कोणी पकडली. महिना रोमन अंकात लिहा, म्हणजे दिवस-महिन्याची अदलाबदल होत नाही. पेन्सिलीने किंवा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईने लिहा आणि चिठ्ठी कुपीच्या आत टाका, बाहेर चिकटवू नका. पहिल्या वर्षी मी बाहेर चिकटवल्या होत्या. श्रावणात सगळ्या सुटून एकाच डब्यात पडल्या, आणि ४१ कुप्यांमधलं कोण कुठलं हे आजही मला ठाऊक नाही. त्या मी अभ्यासातून कायमच्या बाद केल्या.

ती नेमकी कोणत्या कुलातली

चाळीस पट मोठं दाखवणारी सूक्ष्मदर्शक दुर्बीण पुरते. पंखाची पुढची कडा बघा. ड्रोसोफिलिडीत त्या कडेच्या शिरेला दोन ठिकाणी खंड असतो. शृंगिकेवरचा, म्हणजे डोक्यावरच्या मिशीवरचा, राठ केस पिसासारखा फांद्या फुटलेला असतो. डोळ्यालगत तीन ठळक केसांपैकी एक पुढे झुकलेला, दोन मागे. पाठ कुबड काढल्यासारखी आणि माशी झटके देत धावणारी असेल तर ती फोरिडी. हे जुळलं की प्रजातीकडे जा आणि ओळख-तक्ते वापरा.

खरं काम: वेगळेपण

आता सगळ्यात वेळखाऊ भाग. आपली माशी जिच्यासारखी दिसते अशा सगळ्या जातींची यादी करायची आणि प्रत्येकीचं मूळ वर्णन वाचायचं. मूळ म्हणजे ज्या लेखात तिला पहिल्यांदा नाव मिळालं तो लेख. दुसऱ्याने केलेला सारांश चालत नाही. ही यादी जिल्ह्यापुरती, राज्यापुरती ठेवू नका. माझी चूक तीच होती. आपल्या अंगणातल्या चिलटांची नावं कुठून आली पाहा: अनानासीचं वर्णन डोलेशाल यांनी १८५८ साली इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून केलं, नासूटाचं १९१४ साली सेशेल्सवरून, मालेरकोटलियानाचं १९६४ साली पंजाबातल्या मालेरकोटल्यावरून. उलटही घडतं. गुप्ता यांनी १९७० साली भारतातून वर्णिलेली, पाठीवर पांढऱ्या रेघांची झाप्रिओनस इंडियानस १९९९ साली ब्राझीलमध्ये सापडली आणि तिथल्या अंजीर-बागायतदारांची डोकेदुखी झाली. म्हणून उष्ण कटिबंधातल्या सगळ्या बेटांसह आशिया आणि आफ्रिका तरी नजरेखालून घालावेच लागतात. ड्रोसोफिलिडीसाठी टॅक्सोड्रोस हा माहितीसाठा मोफत आहे, आणि जुने लेख बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत घरबसल्या वाचता येतात. रात्री नेट बरं चालतं तेव्हा उतरवून ठेवा.

मूळ वर्णनं वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. जुनी वर्णनं बरीचशी रंगावर उभी आहेत, आणि रंग फसवतो. थंडीत वाढलेल्या माशीचं उदर गडद होतं, उन्हाळ्यातलीचं फिकट. चिखलदऱ्याच्या डिसेंबरमधली आणि वरूडच्या ऑगस्टमधली माशी एकाच जातीची असूनही दोन वाटतील. अळ्यांना दाटी झाली, खाद्य कमी पडलं, की माशी खुरटी होते. कोशातून नुकतीच निघालेली माशी तर पिवळट पांढरीच असते. तिला पुरता रंग यायला काही तास जावे लागतात. म्हणून एका माशीवर जात उभी करू नका. निदान दहा-बारा नर, तितक्याच माद्या, जमल्यास दोन हंगामांतल्या. त्या सगळ्यांत जो फरक टिकतो तोच फरक.

कधी कधी रंगही खरा ठरतो, पण तो तपासून. पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरच्या सांटोमिया या जातीचं वर्णन २००० साली लाशेझ आणि सहकाऱ्यांनी केलं. तिचं उदर फिकट आहे, तर त्याच बेटावर डोंगराच्या खालच्या भागात राहणाऱ्या याकुबाचं गडद. नुसता रंग असता तर कोणी मानलं नसतं. दोघी प्रयोगशाळेत वाढवल्या, रंग कायम राहिला. संकर केला तर त्यातले नर नापीक निघाले. डोंगरावर दोघींच्या राहण्याच्या उंचीही वेगळ्या. रंगाला असे तीन साक्षीदार मिळाले.

आपल्याकडेही हा विचार करण्यासारखा आहे. समुद्र नसला तरी चिखलदऱ्याचं गार पठार खालच्या तापलेल्या मैदानात बेटासारखंच आहे. तिथली माशी खाली उतरते का, खालची वर टिकते का, याच्या नोंदी ठेवल्या तर वर्णनाला बळ येतं.

नराचं टोक उघडून बघा

या कुलात शेवटचा निवाडा बहुतेक वेळा नराच्या जननांगांवर होतो. याचं सर्वात शिकवणारं उदाहरण मेलानोगास्टर आणि तिच्या बहिणींचं. माइगेन यांनी १८३० साली मेलानोगास्टरला नाव दिलं. पुढे जवळपास नव्वद वर्षं तिच्यातच एक दुसरी जात मिसळून राहिली. स्टर्टेव्हंट यांनी १९१९ साली ती सिम्युलान्स म्हणून वेगळी काढली. मॉरिशसची मॉरिशियाना १९७४ साली, सेशेल्सची सेशेलिया १९८१ साली. चौघींच्या माद्या शेजारी ठेवल्या तर वेगळ्या ओळखणं फार कठीण. नरांच्या उदराच्या टोकाला कमानीसारखा भाग असतो, त्याच्या मागच्या कडेला एक पाळी असते. सिम्युलान्समध्ये ती मोठी, शिंपल्यासारखी गोलसर, मॉरिशियानात बारीक बोटासारखी. एवढीशी पाळी, पण चुकत नाही.

कृती अशी. उदराचा शेवटचा भाग बारीक सुईने सोडवा. दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात रात्रभर ठेवा, किंवा गरम पाण्याच्या वाटीत कुपी धरून दहा-पंधरा मिनिटं. उकळू देऊ नका. हा क्षार कातडी आणि डोळे जाळतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. मऊ भाग विरघळून कठीण कवच उरतं. पाण्याने धुवा, थोड्या सौम्य ॲसेटिक आम्लाने क्षार मारा, पुन्हा धुवा, आणि ग्लिसरीनमध्ये घ्या. नमुना हवा तसा उभा राहत नाही ही सगळ्यांची अडचण. हात धुण्याचा जेलसारखा सॅनिटायझर काचेवर घ्या. त्यात तो ज्या कोनात ठेवाल तसा राहतो. बाजूने, मागून आणि खालून, तिन्ही बाजूंनी चित्रं काढा. तुलना एकाच कोनातून झाली पाहिजे. थोडा जरी तिरपा झाला तर गोल पाळी टोकदार दिसते, आणि कागदावर नवी जात तयार होते. काम झालं की तो भाग ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत, आणि ती कुपी त्याच माशीच्या टाचणीवर. दुसऱ्या माशीच्या टाचणीवर गेली तर सगळंच बिघडतं.

मोजमापं आणि चित्रं

दुर्बिणीखाली आधी मोजपट्टीची काच ठेवून फोटो घ्या, मग त्याच अंतरावर माशीचा. मोबाइल डोळ्याच्या काचेवर घट्ट बसवला तरी चालतो. फोटोवर मोजायला इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर आहे. वक्षाची लांबी, पंखाची लांबी, पंखाच्या शिरांच्या तुकड्यांची गुणोत्तरं, डोळ्यालगतच्या केसांची गुणोत्तरं घ्या. नुसत्या लांबीपेक्षा गुणोत्तर बरं, कारण खुरट्या माशीतही ते फारसं बदलत नाही. नराच्या पुढच्या पायावर कंगवा असेल तर तो पायाच्या कोणत्या पेरावर आहे, किती ओळी, किती दात, हे मोजा. मेलानोगास्टरात तो पहिल्याच पेरावर, अनानासीत एकाहून जास्त पेरांवर आडव्या ओळींत, आणि नासूटात नसतोच. प्रत्येक आकड्याबरोबर किती माश्या मोजल्या आणि किमान-कमाल किती, हे लिहा. चित्र काढता येत नसेल तर शिका. फोटोत सगळं येतं, चित्रात जे महत्त्वाचं तेच येतं.

डीएनए

एका पायातून काम भागतं. सीओआय नावाच्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून घेतात. गावात ही सोय नाही, पण विद्यापीठांत आणि खाजगी प्रयोगशाळांत आहे. नमुना अल्कोहोलमध्ये पाठवा, आणि पाय काढलेली माशी मात्र आपल्याकडेच राहू द्या. हा तुकडा चांगला साक्षीदार आहे, न्यायाधीश मात्र नव्हे. मॉरिशियाना आणि सिम्युलान्स यांच्या काही माश्यांत हा आईकडून येणारा डीएनए जवळजवळ एकच आहे, कारण मागे कधीतरी त्यांचा संकर झाला होता. नुसता हाच बघितला असता तर मॉरिशसची माशी सिम्युलान्सच ठरली असती.

लिहिणं

प्राण्यांच्या नावांना आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्यासाठी काळ १७५८ पासून, लिनियसपासून सुरू होतो. तिच्या काही अटी अगदी कडक आहेत. ही जात नवी आहे हे लेखात स्पष्ट म्हटलं पाहिजे. १९३० नंतरच्या नावांसाठी वेगळेपणाची लक्षणं शब्दांत दिलेली हवीत, नुसतं चित्र चालत नाही. १९९९ नंतर एक नमुना होलोटाइप म्हणून ठरवून तो कोणत्या संग्रहात राहील हे सांगणं बंधनकारक आहे. होलोटाइप म्हणजे नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं तो एकच नमुना. या कुलात नर निवडा, जननांगं शाबूत असलेला. बाकीचे पॅराटाइप.

लेखाचा जीव निदानाच्या, म्हणजे वेगळेपणाची लक्षणं सांगणाऱ्या, परिच्छेदात असतो, आणि तिथेच आपली मंडळी सैल लिहितात. 'ही माशी नासूटासारखी दिसते, पण थोडी लहान आणि फिकट आहे' हे वाक्य कोणाच्या उपयोगाचं? त्याऐवजी असं लिहा: 'नराच्या कपाळावर चंदेरी थर फक्त डोळ्यांलगतच्या दोन पट्ट्यांत, मधला भाग तपकिरी. नासूटात हा थर कपाळभर सलग.' प्रत्येक वाक्यात एक लक्षण, आपल्या माशीत ते कसं आणि शेजारणीत कसं. हे लिहून झालं की थांबा आणि विचारा, असे दोन पट्टे आणखी कोणाकडे आहेत? या उदाहरणात उत्तर तयार आहे: डुडा यांनी १९२३ साली वर्णिलेल्या सल्फ्युरिगास्टरमध्ये नेमकं हेच लक्षण आहे. म्हणजे नासूटापासून वेगळेपण सिद्ध झालं, नवेपण नाही. आता सल्फ्युरिगास्टरशी तुलना सुरू. असं करत करत शेजारणी संपल्या की तुमची जात उरते. उरलीच नाही तर तो लेख 'जिल्ह्यातली पहिली नोंद' म्हणून लिहा. विदर्भातून अशा नोंदी फार थोड्या आहेत आणि त्यांची किंमत मोठी आहे.

सविस्तर वर्णन डोक्याकडून टोकाकडे, ठरलेल्या क्रमाने, कोरडं लिहा. वस्ती, खाद्य, ऋतू यांच्यावर मात्र हात आखडू नका. ते तुमच्याइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नसतं.

नाव

नाव रोमन लिपीत, लॅटिनच्या वळणाने. विशेषण असेल तर प्रजातीच्या लिंगाशी जुळवावं लागतं, आणि ड्रोसोफिला स्त्रीलिंगी आहे. गावावरून ठेवायचं तर शेवटी एन्सिस, पुरुषाच्या नावावरून ई, स्त्रीच्या नावावरून आए. स्वतःचं नाव स्वतःच देऊ नये, असा संकेत आहे. मला लक्षणावरचं किंवा जागेवरचं नाव आवडतं, कारण ते ऐकून पुढच्याला कुठे बघायचं ते कळतं. त्या प्रजातीत ते नाव आधी कोणी वापरलेलं नाही ना, हे तपासा. गावातल्या ज्या लोकांच्या माहितीवर माशी सापडली त्यांचे आभार लेखात त्यांच्या संमतीने, नावानिशी माना.

छापणं आणि सोपवणं

पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. तिथे तपासणी होत नाही, आणि चुकीचं नाव एकदा छापलं की पुढच्या पिढ्यांना ते निस्तरत बसावं लागतं. या कुलावर काम करणारा परीक्षक जिथे मिळेल तिथेच लेख द्या. फक्त ऑनलाइन निघणारं नियतकालिक असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी झालेली हवी आणि ती नोंद लेखातच छापलेली हवी. २०१२ पासून हा नियम आहे, तो चुकला तर नाव ग्राह्य धरत नाहीत. डीएनएचा तुकडा जेनबँक या खुल्या माहितीसाठ्यात टाकून त्याचा क्रमांक लेखात द्या.

होलोटाइप घरी किंवा कॉलेजच्या कपाटात ठेवू नका. प्राणी सर्वेक्षणाच्या संग्रहाशी लेख पाठवण्याआधीच पत्रव्यवहार करा, त्यांचा नोंदणी क्रमांक घ्या आणि लेखात घाला. पॅराटाइप एकाच जागी न देता दोन-तीन संग्रहांत वाटा. डबा पोस्टाने पाठवायचा असेल तर टाचण्या फोममध्ये खोल रोवा, कुप्यांच्या टाचण्यांना दोन्ही बाजूंनी आडव्या टाचण्या लावा, आणि डब्याभोवती कापूस भरून तो दुसऱ्या डब्यात घाला. शक्य असेल तर स्वतः घेऊन जा.

तुमच्याकडे जे नमुने राहतील त्यांच्या डब्यात डांबराची गोळी ठेवा आणि डब्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मृगाच्या आधी एकदा आणि पोळ्यानंतर एकदा प्रत्येक डबा उघडून बघा. बुरशी दिसली तर अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याने हळू पुसा. अल्कोहोलच्या कुप्यांत पातळी उतरली असेल तर भरा, आणि आतली चिठ्ठी अजून वाचता येते का ते बघा.